हॅम्लेटच्या शेवटी फोर्टिनब्रास हवाच का?

कुळागर
मंडळी, मदत हवी आहे. खरं सांगायचं तर भांडणात बाजू हवी आहे.

आमचा गोव्यातला, फोंड्याकडचा हौशी ग्रुप यंदा 'हॅम्लेट' बसवतोय. संहिता कापल्याशिवाय इलाज नाही, कारण अख्खं नाटक करायचं तर चार तास लागतात आणि आमच्या हातात अडीच. दिग्दर्शकांचं म्हणणं असं की फोर्टिनब्रास हे पात्र मुळापासून काढायचं. हॅम्लेट मरतो, त्याचा मित्र होरेशिओ त्याला निरोप देतो आणि पडदा. दोन नट वाचतात, सैन्य वाचतं, वेळही वाचतो. तालमीला बसलेल्या दहापैकी आठ जणांना हे पटलंय. मला पटत नाही.

ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी शेवट थोडक्यात. क्लॉडियसने भावाला विष घालून मारलं, गादी आणि भावजय दोन्ही घेतली. त्या भावाचा मुलगा हॅम्लेट. त्याच्या हातून चुकून राजाचा मंत्री पोलोनियस मारला गेला, म्हणून पोलोनियसचा मुलगा लेअर्टीस त्याच्यावर टपलेला. क्लॉडियस आणि लेअर्टीस मिळून तलवारबाजीचा सामना रचतात. लेअर्टीसच्या पात्याला विष, आणि ते चुकलं तर हाताशी विषाचा पेला. पेला राणी पिते. लेअर्टीस हॅम्लेटला जखम करतो, झटापटीत तलवारी बदलतात आणि तेच पातं लेअर्टीसला लागतं. राणी कोसळते, लेअर्टीस सगळं ओकतो, हॅम्लेट राजाला भोसकतो आणि वर तोच पेला त्याच्या घशात ओततो. चार मुडदे. मग नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास सैन्य घेऊन येतो आणि डेन्मार्कची गादी त्याच्याकडे जाते.

माझा मुद्दा असा. या नाटकात बाप मारला गेलेले तीन मुलगे आहेत: हॅम्लेट, लेअर्टीस, फोर्टिनब्रास. फोर्टिनब्रासच्या बापाला हॅम्लेटच्या बापाने द्वंद्वात मारलं होतं आणि पैजेप्रमाणे त्याची जमीन घेतली होती. पोरगा ती परत घ्यायला सैन्य जमवतो. त्याचा काका दटावतो, तर तो गपचूप ऐकतो आणि पोलंडकडे वळतो. सूड सोडलेला हा एकटाच, आणि शेवटी त्या तुकड्यासकट सगळं राज्य त्यालाच मिळतं. त्याला काढलं तर उरतं काय? एका घरातली भानगड.

विंगेतला
दिग्दर्शकांशी सहमत. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९४८ च्या चित्रपटात फोर्टिनब्रास नाहीच, कुणाचं काही अडलं नाही. राजाने हॅम्लेटवर पाळत ठेवायला आणलेले त्याचे दोन मित्र, रोझेनक्रांट्झ आणि गिल्डनस्टर्न, तेही नाहीत.

आणि हे स्पर्धेपुरतं आहे की उत्सवातही लावणार? उत्सवात लावणार असाल तर हिशेब वेगळा. पालखी आटोपून पडदा वर जायलाच अकरा वाजतात. पुढच्या रांगेत पोरं झोपलेली, मागे कुणी चण्याची पुडी सोडतोय. नायक मेला की आपला माणूस चपला शोधायला लागतो. त्यानंतर नवीन पात्र येऊन भाषण देतंय म्हटल्यावर कोण थांबणार? आमच्याकडे काल्याच्या नाटकात वेद चोरणारा संकासुर मारला की लोकांना कळतं, झालं. इथे राजा मारला की झालं.

कुळागर
आधी स्पर्धा, मग गावात दोन प्रयोग. पण विंगेतला बाब, संकासुर मेल्यावर वेद परत मिळतात हो. इथे काय परत मिळतं?

सत्तरीची सून
मला शेवटापेक्षा पडद्यामागचा पोलोनियस महत्त्वाचा वाटतो. सगळं तिथून फिरतं. आईच्या खोलीत पडद्यामागे हालचाल होते, हॅम्लेट न बघताच तलवार खुपसतो आणि विचारतो, राजा आहे का? तोवर तो ज्याचा बाप मारला गेला असा मुलगा होता. त्या क्षणापासून तो दुसऱ्या कुणाच्या बापाला मारणारा झाला. क्लॉडियस आणि तो एका रांगेत येऊन बसले, फक्त एकाने जाणूनबुजून केलं आणि एकाने अंधारात.

माझ्या सासरच्या भागात, सत्तरी तालुक्यात, झर्मे गावी शिगम्यात चोरोत्सव असतो. चोर समजून निष्पाप माणसं मारली गेली, त्याची ही आठवण असं गावातले लोक सांगतात. माणसं जमिनीत पुरून घेतात, कुणाचं फक्त डोकं वर, कुणाचं डोकं खाली आणि धड वर. लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरले होते. आता वाटतं, चुकून मारलेल्या माणसाचं काय करायचं हे त्या गावाने निदान ठरवलं तरी. दरवर्षी सगळ्यांसमोर मांडायचं. एल्सिनोरच्या राजवाड्यात काय होतं? पोलोनियसचं प्रेत जिन्यापाशी लपवलं जातं आणि नंतर घाईघाईने, गाजावाजा न करता पुरलं जातं. लेअर्टीस चिडतो तो नुसता बाप मेला म्हणून नाही. ना मानमरातब, ना रीतसर विधी, हे त्याला लागतं. क्लॉडियसला त्याच्या कानात विष ओतायला एवढं पुरतं.

नुसताच वाचक
वाचतोय. पॉपकॉर्न नाही, खाजें घेऊन बसलोय.

मांडवीपार
इथे सगळे सुडाचे दुष्परिणाम सांगायला बसलेत म्हणून उलटी बाजू मांडतो. मला या नाटकातून सूड वाईट असं काही दिसत नाही. मला दिसतं ते एवढंच की रेंगाळणं वाईट.

तिसऱ्या अंकात क्लॉडियस एकटा गुडघे टेकून प्रार्थना करतोय. हॅम्लेट मागून येतो, तलवार उपसलेली. खून कोणी केला याबद्दल आता शंका नाही, नाटकातलं नाटक दाखवून खात्री करून झालीय. तिथे वार केला असता तर? त्या क्षणापर्यंत पोलोनियस जिवंत, त्याची मुलगी ऑफिलिया शहाणी, रोझेनक्रांट्झ-गिल्डनस्टर्न जिवंत, राणी जिवंत, लेअर्टीस फ्रान्समध्ये, आणि हॅम्लेट स्वतः. सात जीव वाचले असते. सात! सुडाची किंमत कसली, आळसाची किंमत म्हणा.

कुळागर
हा मुद्दा तालमीत कुणीच काढला नाही. रात्री नीट लिहितो.

पेडण्याचे मास्तर
मांडवीपार, तुमचा हिशेब बरोबर, पण वार का थांबला ते सांगायचं तुम्ही गाळलंत. आळस नव्हता तो आणि दयाही नव्हती. हॅम्लेट म्हणतो, हा प्रार्थनेत असताना मारला तर स्वर्गात जाईल. माझा बाप पापाची कबुली न देता, क्षमा न मागता गेला. मग हा सूड कसला, ही तर बक्षिशी. हा दारूत असेल, रागात असेल, बिछान्यात असेल, जुगार खेळताना शिव्या देत असेल तेव्हा गाठू, म्हणजे थेट नरकात जाईल. नुसता जीव घेऊन त्याचं भागत नाही, त्याला परलोकही हवाय. ते सात जीव गेले या हावेपायी. तुम्ही म्हणता सूड वेळेवर घेतला नाही. मी म्हणतो तो पुरेपूर घ्यायला गेला.

आणि गंमत बघा. हॅम्लेट निघून गेल्यावर क्लॉडियस उठतो आणि म्हणतो की शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. म्हणजे प्रार्थना लागलीच नव्हती. तेव्हाच मारला असता तर हॅम्लेटच्याच हिशेबाने तो नरकात गेला असता. प्रेक्षकाला हे कळतं, हॅम्लेटला कधीच कळत नाही.

आता आपल्याकडचं. द्रुपदाने द्रोणाचा अपमान केला, द्रोणाने शिष्यांकरवी त्याला बांधून आणवलं, द्रुपदाने यज्ञ करून द्रोणाला मारणारा मुलगा मिळवला, धृष्टद्युम्नाने द्रोणाला मारलं, अश्वत्थाम्याने रात्री छावणीत शिरून धृष्टद्युम्नाला लाथांनी तुडवून मारलं आणि द्रौपदीची पाचही मुलं कापली. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं विसरतात. त्या रात्री अश्वत्थाम्याबरोबर कृतवर्मा हा यादव होता. छत्तीस वर्षांनी प्रभासला दारूच्या भरात सात्यकी त्याला टोमणा मारतो, झोपलेल्यांना मारणारा तू. तो उलट हात तुटलेल्या भूरिश्रव्याला सात्यकीने मारलं होतं ते काढतो. तिथे तलवार निघते आणि यादव कुळ संपतं.

आणि ही सगळी कथा वैशंपायन सांगतो कुठे? जनमेजयाच्या सर्पसत्रात. परीक्षिताला तक्षकाने मारलं म्हणून समस्त नाग जाळायला काढलेला यज्ञ. म्हणजे सूड चालू आहे आणि शेजारी बसून सुडाची गोष्ट ऐकणं चालू आहे. तो यज्ञ आस्तीक थांबवतो. व्यासांकडे थांबवणारा आहे. एल्सिनोरला आस्तीक नाही.

मांडवीपार
मास्तर, हात जोडले. 'पुरेपूर घ्यायला गेला' मान्य. पण फोर्टिनब्रासला संत करू नका एवढंच. जमिनीचा जो तुकडा जिंकायला तो पोलंडला जातो, तो इतका लहान की मेलेल्या सैनिकांना पुरायलाही पुरणार नाही, असं हॅम्लेटच म्हणतो. वीस हजार माणसं त्यासाठी मरायला निघालेली. सूड सोडला म्हणे. सूड सोडून धंदा धरला.

कुळागर
हे मान्यच. मी त्याला चांगला म्हणत नाही. म्हणूनच तो शेवटी हवा आहे. चांगला राजा आला असता तर प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकून घरी गेला असता.

आपल्याकडे इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारसांत इस्टेट वाटण्याचे, खटले माहीत आहेत ना? भाऊ भाऊ कोर्टात झिजतात, म्हातारी माणसं मरतात आणि शेवटी घर कुणातरी तिसऱ्याच्या नावावर चढतं. तो तिसरा ना सज्जन ना दुर्जन, कागद घेऊन वेळेवर हजर असतो इतकंच. फोर्टिनब्रास आल्या आल्या काय म्हणतो? या राज्यावर माझे काही जुने हक्क आहेत. चार प्रेतं समोर पडलेली आणि हा हक्काचं बोलतो!

आता कबरखोदाचं एक वाक्य आठवा. म्हणतो, मी या धंद्याला लागलो तो दिवस म्हणजे जुन्या हॅम्लेट राजाने थोरल्या फोर्टिनब्रासला हरवलं तो दिवस, आणि त्याच दिवशी धाकटा हॅम्लेट जन्मला. तीस वर्षं झाली. म्हणजे ज्या दिवशी त्या घरातला बाप मारला, त्याच दिवशी या घरात पोर जन्मलं. आणि ते पोर मरतं त्या दिवशी त्या घरातला पोरगा दारात उभा राहतो, वडिलांनी गमावलेलं व्याजासकट न्यायला. हॅम्लेट मरताना आपलं मत त्यालाच देतो. बापाने जिंकलेलं मुलाने स्वतःच्या तोंडाने परत केलं. फोर्टिनब्रास काढला की कबरखोदाच्या त्या वाक्यालाही अर्थ उरत नाही, आणि आमचे दिग्दर्शक ते वाक्य विनोद म्हणून ठेवतायत.

अबोली
इतका वेळ तीन मुलगे, तीन मुलगे चाललंय. बाप मारला गेलेलं चौथं मूल कुणी मोजलंच नाही. ऑफिलिया.

तिचाही बाप मारला गेलाय, आणि मारणारा तिचा प्रियकर. लेअर्टीस फ्रान्सहून येऊन जमाव घेऊन राजवाड्यात घुसू शकतो. तिच्या वाट्याला गाणी आणि फुलं. सूड घेण्याचं किंवा न घेण्याचं स्वातंत्र्यच तिला नाही. आणि शेवटच्या प्रसंगात तिचं नाव कुणीही घेत नाही, हे पुन्हा वाचून बघा. आदल्याच प्रसंगात दोघे तिच्या कबरीत उतरून तिच्यावर कुणाचं प्रेम जास्त यावरून भांडलेले असतात. सामन्याच्या वेळी बापाचं येतं, मानाचं येतं, घोड्यांची आणि तलवारींची पैज येते. ती कुठेच नाही.

तुमच्या ग्रुपमध्ये ऑफिलिया कोण करतंय माहीत नाही, पण तिला म्हणावं चौथ्या अंकात वेड 'छान' दाखवू नकोस. आमच्याकडे वेड्या बाईचा प्रसंग आला की केस मोकळे, पांढरी साडी आणि हार्मोनियमचा करुण सूर. पुरे झालं ते.

विंगेतला
पांढऱ्या साडीबद्दल +१. 😄

दिवजां
जुन्या कथेत काय होतं हे बघितलं तर नाटककाराने शेवट मुद्दाम फिरवलाय हे दिसतं. डॅनिश इतिहासकार साक्सो ग्रामाटिकस याने साधारण १२०० च्या सुमारास हीच कथा लॅटिनमध्ये लिहिली. तिथला नायक अम्लेथ. तो वेड्याचं सोंग घेतो, दरबाऱ्यांना दारू पाजून लोळवतो, आईने विणलेली जाळीची झालर त्यांच्यावर पाडून खुंट्या ठोकून जखडतो आणि महालाला आग लावतो. मग काकाच्या शयनगृहात जाऊन तलवारींची अदलाबदल करतो आणि काकाला मारतो. दुसऱ्या दिवशी लोकांसमोर भाषण देऊन स्वतः राजा होतो. (पुढे लढाईत मरतो, पण तो वेगळा अध्याय.)

म्हणजे सूड फत्ते, नायक गादीवर, लोक खूश. चार शतकांनी नाटकात तलवारींची अदलाबदल राहिली, पण योजनेतून निसटून अपघातात गेली. अम्लेथ ठरवून पाती बदलतो, हॅम्लेटच्या हातात विषारी पातं झटापटीत येतं. हॅम्लेटची शेवटी योजना अशी काही नसतेच. सामन्याला जाताना मनात धाकधूक असते, तरी जातो.

मांडवीपार
मग माझा मूळ प्रश्न परत येतो. शेवटी जे होतं त्याला सूड म्हणायचं का? राजाला मारताना हॅम्लेटच्या तोंडी बापाचं नाव नाही. 'माझ्या आईच्या मागोमाग जा' असं म्हणतो. सूड घे म्हणून सांगणारं बापाचं भूतही परत येत नाही. त्याने मारलं ते आई डोळ्यांसमोर मेली म्हणून आणि स्वतः अर्ध्या तासाचा सोबती आहे हे कळलं म्हणून.

पेडण्याचे मास्तर
हे उत्तम पकडलंत. भुताने सूड घे म्हणताना दोन गोष्टी बजावल्या होत्या: मन कलुषित होऊ देऊ नकोस आणि आईच्या वाटेला जाऊ नकोस, तिचा न्याय देवावर सोड. मन तर प्रार्थनेच्या प्रसंगातच कलुषित झालं. आईला त्याने हात लावला नाही, पण ती त्याच्यासाठी ठेवलेला पेला पिऊन गेली. भुताचं काम झालं आणि भुताने सांगितलेलं काहीच झालं नाही.

अजून एक. राजाला भोसकल्यावर दरबारी ओरडतात, 'घात, घात!' त्यांना वाटतं राजपुत्राने राजद्रोह केला. विषारी पात्याचं आणि पेल्याचं लेअर्टीसने सांगितलं ते त्यांनी ऐकलंय, पण जुन्या राजाचा खून झाला होता हे त्या दालनात हॅम्लेट आणि होरेशिओ सोडून जिवंत कुणालाच माहीत नाही. क्लॉडियस भावाचा खुनी म्हणून मेलाच नाही. त्या गुन्ह्याचा उच्चारही चारचौघांत होत नाही. सूड पुरा झाला पण निवाडा झालाच नाही. म्हणून हॅम्लेट होरेशिओच्या हातातला पेला हिसकावतो आणि म्हणतो, तू जग आणि माझी गोष्ट सांग.

आणि होरेशिओ ती सांगायला उभा राहतो तेव्हा यादी कशाची देतो? अनैसर्गिक कृत्यं, चुकून झालेले मृत्यू, कपटाने घडवलेली मरणं, आणि योजणाऱ्यांच्याच डोक्यावर उलटलेले बेत. त्यात सूड हा शब्द नाही. जिवलग मित्रालाही ते सुडाचं नाटक वाटलेलं नाही.

आता ही यादी तो कुणासमोर वाचतो? फोर्टिनब्राससमोर. ऐकणाराच कापलात तर होरेशिओ बोलेल कुणाशी? प्रेतांशी? कुळागर, हे तुमच्या दिग्दर्शकांना सांगा.

सत्तरीची सून
लेअर्टीसचं शेवटचं बोलणं मात्र कापू देऊ नका, कितीही घाई असली तरी. 'माझा आणि माझ्या बापाचा मृत्यू तुझ्या माथी नको, तुझा माझ्या माथी नको.' याच माणसाने क्लॉडियसला सांगितलं होतं की चर्चमध्ये गळा कापीन. तेव्हा क्लॉडियसने वर मान डोलावली होती, सुडाला कसली आलीय सीमा! आता दोघे एकमेकांना मोकळं करतात, आणि ते करायला हाताशी दोन मिनिटं असतात. सूड थांबवण्याचा प्रयत्न या नाटकात कुणी केला असेल तर तो या पोराने, मरताना. मास्तर, तुमचा आस्तीक हाच म्हणायचा, फक्त यज्ञ जळून झाल्यावर आलेला.

पेडण्याचे मास्तर
बाय, मान्य. उशिरा आलेला आस्तीक.

अबोली
'हैदर' (२०१४) चा शेवट आठवला. तिथे आई स्वतःला उडवते, काकाचे पाय जातात आणि मुलगा त्याला न मारता निघून जातो. काश्मीरमधलं कथानक, १९९५ चा काळ. सूड तोडायचा तर असा तोडावा लागतो. पण मग फोर्टिनब्रासची गरज उरत नाही, कारण तिथे सैन्य पहिल्यापासूनच घरात आहे.

कुळागर
सगळ्यांना देव बरें करूं. काल तालमीला हा धागा वाचून दाखवला. दिग्दर्शक आधी रागावले, मग होरेशिओ कुणाशी बोलेल या प्रश्नावर गप्प झाले. ठरलं ते असं: पोलंडच्या वाटेवरचा प्रसंग जातो, नॉर्वेला पाठवलेल्या दूतांचा प्रसंग जातो. पहिल्या प्रसंगात द्वंद्वाचा आणि जमिनीचा उल्लेख चार ओळींत राहतो, कबरखोदाची तारीख राहते, आणि शेवटी फोर्टिनब्रास येतो. एकूण सात-आठ मिनिटांचा मामला.

नट मात्र वाढवून मिळणार नाही. म्हणून दिग्दर्शक म्हणतात भुताचं काम करणाऱ्यालाच फोर्टिनब्रास करायला लावू, चिलखत तेच. मला हे आवडलं की नाही तेच कळत नाहीये.

मांडवीपार
अजिबात नको. प्रेक्षकाला वाटेल बापच राज्य परत घ्यायला आला. नाटक उलटं होईल.

दिवजां
मला तर भारी वाटतंय. पहिल्या प्रसंगात ज्या चिलखताने हे सगळं सुरू केलं ते परत आलं, पण आत शत्रूचा मुलगा. फक्त शिरस्त्राण काढून चेहरा दाखवा आणि आवाज पूर्ण वेगळा लावा.

विंगेतला
ते चिलखताचं तुम्ही बघून घ्या. माझा प्रश्न साधा आहे. फोर्टिनब्रास म्हणतो प्रेतं उचला, चार कप्तान हॅम्लेटला खांद्यावर घेऊन जातात. दहा नट. त्यातले चार रंगमंचावर मेलेले, एक होरेशिओ, एक फोर्टिनब्रास, ऑफिलिया आणि पोलोनियस आधीच मेलेले आणि त्यांचा मेकअपही उतरला असणार. उचलणार कोण?

कुळागर
पोलोनियसवाल्याला सैनिकाचा डगला चढवतोय. ऑफिलियावाली म्हणते मलाही द्या, मी एक पाय धरते. उरले दोन, त्यांच्या जोडीला प्रकाशयोजनेवाल्याचा भाऊ येतो म्हणालाय, त्याच्याकडे बूट आहेत.